शालनकाकूंनी बंद केलेला नळ

शालनकाकूंबद्दल चांगलं बोलायला सगळे एका पायावर तयार असतात. आमच्या जुन्या कंपाउंडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा विषय निघाला की लगेच हसरे चेहरे पडायला लागतात. कोणी त्यांच्या शेंगदाण्याच्या चटणीबद्दल लिहितं, कोणी त्यांनी पाइपांना शिवलेल्या विजारींचा फोटो टाकतं. शफीकचं नाव मात्र कोणी काढत नाही. मी काढलं की ग्रुप गप्प होतो, आणि मग कोणीतरी सुविचाराचं फूल टाकून विषय झाकून टाकतं. काकूंचं चित्र काढायचं तर ते शफीकला वगळून काढता येणार नाही. ज्यांना फक्त चटणी आठवायची आहे त्यांनी पुढे वाचू नये.

तुरैफ हे सौदीच्या पार उत्तरेचं गाव. सौदी म्हटलं की आपल्या नातेवाइकांना वाळू आणि घाम एवढंच दिसतं. तिथे जानेवारीत पारा शून्याच्या खाली जातो, सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडावा लागतो, हे सांगितलं तर पुण्यातली माणसं हसतात. हसू देत. पण ज्यांनी आमची घरं बांधली तेही बहुतेक असेच हसले असावेत. पाण्याच्या टाक्या गच्चीवर, पाइप सगळे भिंतीच्या बाहेरून, उघडे, वाऱ्याच्या तोंडावर. भिंतीच्या आतून पाइप न्यायला खर्च येतो. तो मालकाने वाचवला, आणि दर हिवाळ्यात भाडेकरूंना एक सर्क्युलर पाठवलं: पाइप गुंडाळा, थंडीच्या रात्री एक नळ बारीक धारेने चालू ठेवा, नुकसान झाल्यास जबाबदारी तुमची.

काकूंना मी पहिल्यांदा पाहिलं ते आम्ही तुरैफला राहायला आलो त्याच आठवड्यात. बाबांची बदली जुबैलहून नुकतीच झाली होती, खोकी अजून फुटायची होती. दारात एक ठेंगणी, रुंद हाडाची बाई उभी राहिली. साडीवर पुरुषी स्वेटर, पायात मोजे, मोज्यांवर स्लीपर, हातात झाकलेलं पातेलं.

"मी काटकर. तुमच्या डोक्यावर राहते. माण तालुका."

दुसरं कोणी नवऱ्याचा हुद्दा सांगेल अशा थाटात त्यांनी तालुका सांगितला. बसल्या, चहाचा एक घोट घेतला आणि एकदम कान टवकारले.

"तुमच्या घरात कोण रडतंय?"

आई घाबरली. घरात रडण्यासारखं कोणी नव्हतं. काकू उठल्या, न विचारता आत गेल्या, बेसिनचा ठिबकणारा नळ आवळून परत आल्या आणि चहा पुढे प्यायला लागल्या. "वायसर गेलाय. उद्या बसवून देते. तवर खाली बादली ठेवा. आणि ती बादली वतू नका, मी बघायला येणार हाय."

आणि त्या खरंच बघायला आल्या.

त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही गावांत टँकर यायचा. "आमच्याकडं टँकरचा हॉर्न वाजला की नवरी बी बोहल्यावरनं उठायची," असं त्या सांगायच्या, आणि पुढे, "खोटं वाटतंय? मी उठलेली हाय." काटकरकाका मान हलवायचे. ते शिफ्ट इंजिनिअर, बोलणं कमी, बायकोच्या प्रत्येक गोष्टीला मानेनेच साक्ष. त्या घरात तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी कुंडीला. एसीच्या नळीखाली बारमाही बादली. मुलगा ओंकार आंघोळीला गेला की काकू बाहेर उभ्या राहून दार वाजवायच्या. तो आतून इंग्रजीत ओरडायचा, "मम्मा, इट्स जस्ट वॉटर!"

"जस्ट? बाहेर ये, तुझ्या जस्टच्या डोक्यावर दोन घागरी देते, मग चाल तीन मैल."

एकदा सगळे मिळून रियाधला गेलो होतो. तिथल्या ओलाया भागातल्या एका मॉलमध्ये आत शिरताच मोठं कारंजं होतं, दिव्यांच्या रंगात नाचणारं. आम्ही मोबाइल काढले. काकू सिक्युरिटीवाल्याकडे गेल्या आणि कारंज्याकडे बोट करून म्हणाल्या, "भैया, इसका बटन किधर है?" त्याला वाटलं बाईचं लेकरू हरवलंय. तो वॉकीटॉकीवर बोलायला लागला. काटकरकाकांनी त्यांना हाताला धरून सरकत्या जिन्यावर चढवलं. जिना वर जात होता आणि काकू मागे वळून कारंज्याकडे बघत होत्या, एखादं उघडं पडलेलं प्रेत बघावं तसं.

आम्ही हसलो. आम्ही काकूंना नेहमीच हसायचो. मला तेव्हाही त्यातलं काही फार आवडायचं नाही, कारण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी बागेचा पाइप चालू राहून गाड्या धुतल्या जायच्या.

पाइपांचं काम मात्र त्यांनी असं केलं की हसणारेसुद्धा फोटो काढायला लागले. आदल्या हिवाळ्यात त्यांच्या गीझरचा पाइप गोठला होता. दोन दिवस पाणी नव्हतं, आणि वापरातलं पाणी गेलं यापेक्षा पाइप फुटून पाणी मातीत गेलं याचंच त्यांना दुःख झालं. ऑक्टोबर लागताच त्यांनी कंपाउंडभर जुन्या जीन्स गोळा केल्या. जीन्सचा एक पाय म्हणजे एक खोळ. आत जुन्या ब्लँकेटचा थर, वरून गोधडीचा दोरा, आणि बाजूला कडेपर्यंत चीर, म्हणजे पाइपावर चढवून मग टाचता येते. हळदीकुंकवाला जमणाऱ्या सगळ्या बायकांना त्यांनी सुया धरायला लावल्या. माझी आई एम.एस्सी. आहे. तिला काकूंनी टाके उसवून परत घालायला लावले. "हे काय टाकं हाय का? ह्यातनं वारा तर जाईलच, कुत्रं बी जाईल."

उत्तरेकडच्या भिंतीवर, जिथे ऊन कधीच पडत नाही, तिथे निळ्या विजारींची रांग उभी राहिली. खिसे तसेच ठेवलेले. तळमजल्यावर राहणारा इजिप्शियन अकाउंटंट मुस्तफा बायकोला घेऊन बघायला आला आणि म्हणाला, आता बेल्ट तेवढे लावा. कंपाउंडच्या मॅनेजरने, ज्याला सगळे मुदीर म्हणत, शोभा जाते म्हणून हरकत घेतली. काकूंनी त्याला वर्षापूर्वीच्या फुटक्या पाइपाचा तुकडा दाखवला. तो जपून ठेवला होता. मुदीर निघून गेला.

इथपर्यंतचं सगळं ग्रुपवर येतं. इथून पुढचं येत नाही.

त्या उत्तरेच्या भिंतीवरून सामायिक पाइप खाली यायचा. मुस्तफाच्या स्वयंपाकघराला पाणी देऊन तो पुढे बागेतल्या एका नळाशी संपायचा. थंडीच्या रात्री तोच शेवटचा नळ बारीक चालू ठेवायचा, म्हणजे पाइपभर पाणी हलतं राहतं आणि गोठत नाही. ते काम हारिसचं, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराचं. आमचा हारिस शफीक. बांगलादेशी, तिशीतला, कानात कायम इयरफोन. तो काही गोड माणूस नव्हता. कचरा उचलायला दोनदा सांगावं लागायचं. "ए शफीक" अशी हाक मारली की मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचा. "शफीक भाई" म्हटलं की यायचा. मला त्याचं हे पटायचं. बाकीच्यांना तो माजलेला वाटायचा.

काकूंचं आणि त्याचं रोज संध्याकाळी वाजायचं.

"शफीक, पाणी कायको सोडता है रे? तेरे बाप की विहीर है क्या?"

"आन्टी, सर्कुलर है. नहीं छोड़ेगा तो पाइप फटेगा."

"मैने विजार चढ़ाया है ना पाइप को!"

"आन्टी, बरफ आपका विजार नहीं देखेगा."

हे ऐकून काकूच आधी हसायच्या. त्याला त्या 'ग्यानबा' म्हणायच्या. तो ताप येऊन पडला तेव्हा त्यांनीच त्याच्या खोलीत मऊ भात पाठवला, आणि रिकामा डबा आला तो न धुता आला म्हणून त्याच्याशी भांडल्याही. पण नळाच्या बाबतीत त्या ऐकेनात. तो नळ सोडून गेला की यांनी तो जाऊन बंद करायचा. बाबांनी एकदा त्यांना समजावलं, की खोळीने थंडी अडत नाही, फक्त उशिरा पोचते. साचलं पाणी गोठतं, वाहतं पाणी सहसा गोठत नाही, म्हणून दोन्ही करायचं असतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"भाऊजी, तुमचं खरं आसंल. पण रातभर पाणी मातीत जातंय आन मी वर गादीवर झोपलीय, हे माझ्या हातनं व्हायचं न्हाय."

बाबांनी विषय सोडला, आणि त्या संध्याकाळीही काकूंनी जाऊन नळ बंद केला.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. परदेशात असतं तसं, पडदे ओढून, आवाज बेताचा ठेवून. पंधरा-वीस बायका, तीळगूळ, वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे. काकू उशिरा आल्या आणि आल्या आल्या दोन्ही हात उंचावून म्हणाल्या, "आज तर कमालच झाली बघा. कुण्या मेल्यानं बागंतल्या नळाला तार बांधलीवती! पीळ घालून घालून. नळ फिरूच नये म्हणून. बसले खाली आन सोडवली. बोटं सोलली माझी. पर आवळला नळ." त्यांनी सगळ्यांना बोटं दाखवली. बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, "काकू, तुमच्यापुढे तारेचं काय चालणार!" कोणीतरी त्यांच्या बोटांना हळद लावली.

म्हणजे तार कोणी बांधली आणि कोणी सोडवली हे त्या संध्याकाळी त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. घरी गेल्यावर प्रत्येकीच्या नवऱ्याला माहीत झालं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. नंतर सगळे म्हणायला लागले की आम्हाला नक्की काही ठाऊक नव्हतं.

रात्री पारा फार खाली गेला. पाइप गोठतो तेव्हा काहीच कळत नाही. कळतं ते दुसऱ्या दिवशी, ऊन वर आल्यावर, बर्फ सुटायला लागला की. मुस्तफाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत पाइप शिरतो त्या वळणाला तो उभा चिरला होता. तिथे खोळ पोचत नव्हती. पाण्याचा लोट सरळ घरात. गालिचे भिजले, पीठ, तांदूळ, सगळं. मग पाणी भिंतीतल्या स्विचबोर्डात गेलं आणि मोठा आवाज झाला. मुस्तफाची बायको तान्ह्या मुलीला घेऊन अनवाणी बाहेर पळाली. आम्ही खाली गेलो तेव्हा ती त्या गारठ्यात उघड्या डोक्याने उभी होती आणि कोणाला तरी ओढणी मागत होती. मुलगी निळी पडेपर्यंत रडत होती. काकूंनी आपल्या अंगावरचा स्वेटर काढून त्या मुलीला गुंडाळला आणि तिला घट्ट धरून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांना तेव्हा काही समजलं नव्हतं. मग मुदीर आला, बागेकडे गेला आणि तिथूनच ओरडला, नळ बंद आहे म्हणून.

शफीकला बोलावलं. तो म्हणाला, "मैंने खोला था."

"मग बंद कोणी केला?" मुदीरने विचारलं.

शफीकने आमच्या घोळक्याकडे पाहिलं. घोळक्याने मुस्तफाच्या दारातून वाहणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. काकूंच्या कडेवर ती मुलगी होती आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी तोंड उघडलं, हे मी पाहिलं. काटकरकाकांनी त्यांच्या दंडाला धरलं, हेही पाहिलं. "आधी मुलीला घरात घ्या," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते काकूंच्या आधी बोलले असावेत.

शफीकला काढून टाकणार असल्याचं दुपारीच कळलं होतं, आणि संध्याकाळी आमच्या घरी बैठक बसली. आमच्याच, कारण बाबा सीनियर. मराठी मंडळ म्हणावं अशी सगळी माणसं. काकू सरळ म्हणाल्या, "मी उद्या जाऊन सांगते. नळ मी बंद केला. त्या पोराचा काय दोष न्हाय." एवढी सोपी गोष्ट होती. दोन वाक्यांची. ती दोन वाक्यं मोडायला दहा शिकलेली माणसं रात्रीच्या जेवणापर्यंत बसली.

"वहिनी, घरात आग लागली असती. पोलीस केस होईल."

"पोलीस केस झाली तर काटकरांचं देशाबाहेर जाणंच बंद होईल. ओंकारची बारावी आहे," जोशीकाका म्हणाले.

"कफील ऐकून घेईल का? इकामा रिन्यू व्हायचाय ना यंदा?" कफील म्हणजे ज्याच्या हमीवर तिथे नोकरी आणि राहणं चालतं तो माणूस, आणि इकामा म्हणजे राहण्याचा परवाना.

"आणि नुसत्या तुमच्यावर थांबणार नाही. मग मुदीर म्हणेल ह्या विजारी कोणी लावल्या, सगळ्या बायकांची नावं येतील."

देशपांडेकाका म्हणाले, "त्या शफीकचं काय एवढं? मुळात आळशीच आहे तो. आज ना उद्या काढलाच असता. त्याला दुसरीकडे काम मिळेल."

मी म्हणाले, "त्याला फायनल एक्झिट लावतायत काका, कायमचं मायदेशी पाठवतायत. दुसरीकडे म्हणजे कुठे? सिल्हेटला?"

"तू गप्प बस," आई म्हणाली. "तुझा व्हिसा बाबांच्या इकाम्यावर आहे. हे तुझं पुण्यातलं कॉलेज नाही, पत्रकं वाटायला."

मी गप्प बसले नाही. मी पुष्कळ बोलले. वर्ग, मालक, भिंतीबाहेरचे पाइप, सगळं. ते सगळं खरं होतं आणि कोणालाच त्याचा त्रास झाला नाही. उलट सगळ्यांना ते सोयीचं पडलं. "बरोबर आहे तिचं, चूक मालकाचीच आहे," असं बाबा म्हणाले, आणि मालकाची चूक एकदा ठरल्यावर कोणी काही करायची गरजच उरली नाही. मला त्या खोलीची जितकी लाज वाटते तितकी कुठल्याच मालकाची वाटत नाही. मालकाने निदान 'गोड बोला' म्हणत आम्हाला तीळगूळ दिला नव्हता.

काकू एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. ज्यांच्या बाळंतपणांना त्या रात्र रात्र जागल्या होत्या, ज्यांच्या पोरांच्या टायफॉइडात पथ्याचं रांधून दिलं होतं, तीच ही माणसं. ती त्यांच्या भल्याचंच सांगत असणार, असं त्यांना वाटलं. काटकरकाका शेवटी म्हणाले, "शालन, ओंकारचं वर्ष आहे." त्या उठल्या आणि वर गेल्या.

पुढचा आठवडाभर त्या खाली उतरल्या नाहीत. वरून भांडी लागल्याचा आवाज यायचा, तोही कमी. ओंकार एकदा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "दीदी, मम्मा इज नॉट शाउटिंग एनीमोर. मी वीस मिनिटं शॉवर घेतला. तिने दारच वाजवलं नाही." मुलगा घाबरला होता.

शफीक कामावर होता. कागद होईपर्यंत काम करून घेत होते त्याच्याकडून, तेही सोडलं नाही. तो मुस्तफाच्या घरातले भिजके गालिचे उन्हात टाकायचा, उचलायचा. इयरफोन कानात नसायचे. येता-जाता आमच्या जिन्याकडे बघायचा. मला वाटायचं, तो रागाने बघतोय. तसंही असतं तर बरं झालं असतं.

मग एका सकाळी दार वाजलं. काकू. नऊवारी नव्हे, नेहमीचीच सहावारी, पण इस्त्रीची, वर काळा अबाया, डोक्यावर पदर.

"पोरी, तुला विंग्रजी येतं. चल माझ्यासंगं. तुझ्या आईला सांगू नको, माझ्या मालकांना मी बी सांगितलं न्हाय."

मुदीरचं ऑफिस गेटपाशीच होतं. वारा असा की डोळ्यांत पाणी. काकू भरभर चालत होत्या आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या. दोन वाक्यं पाठ करत होत्या.

मुदीर सभ्य माणूस होता. उभा राहिला, बसायला सांगितलं, गहवा, म्हणजे अरबी कॉफी, मागवला. काकूंनी तो घेतला नाही. उभ्यानेच म्हणाल्या, "नळ मैने बंद किया. तार भी मैने खोला. शफीक का कसूर नहीं." मग माझ्याकडे बघून, "आता विंग्रजीत सांग, शब्द बदलू नको."

मी सांगितलं. मुदीरने ऐकलं. त्याने कपाळ चोळलं आणि म्हणाला, नळ कोणाच्याही हाताने बंद झाला असला तरी तो चालू आहे का हे बघायचं काम हारिसचं होतं. शिवाय आता नवा माणूस आला आहे, खोलीही त्याला दिली आहे. खलास.

मी हे मराठीत सांगितलं. काकूंना ते उमगेना. "पर मी सांगतेय की मी केलं," त्या परत म्हणाल्या. "त्याला सांग, मी केलं." त्यांच्या माहितीत अशी जागा नव्हती, जिथे माणूस आपला गुन्हा घेऊन जातो आणि तो कोणी ठेवूनच घेत नाही.

मुदीरने मग एकच प्रश्न विचारला. रागाने नाही, खरोखर कळत नव्हतं म्हणून. "मॅडम, हे तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत? त्या दिवशी मी मालकाशी बोलू शकलो असतो."

माझ्या जिभेवर सगळ्यांची नावं होती. देशपांडे, जोशी, माझे वडील. मी सुरुवातही केली होती. काकूंना इंग्रजी येत नव्हतं, पण नावं ऐकू आली. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"भ्याले म्हणून सांग. एवढंच. दुसरं काय जोडू नको."

मी एवढंच सांगितलं.

बाहेर आलो तर गेटपाशी व्हॅन उभी होती. विमानतळावर नेणारी. आम्हाला माहीत नव्हतं की ते आजच आहे. शफीक एक फुगलेली बॅग आणि ब्लँकेटची गुंडाळी मागच्या सीटवर सारत होता. त्याच्या अंगात नवं जॅकेट होतं, घरी जायचं म्हणून घेतलेलं असेल. काकू त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. कुणाकडेही त्या कधी रिकाम्या हाताने गेल्या नव्हत्या. आज हातात काहीच नव्हतं, आणि ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना समजत नव्हतं.

"शफीक भाई," त्या म्हणाल्या. भाई त्या पहिल्यांदाच म्हणाल्या. "मैने बोल दिया. अभी बोलके आयी. सब बोल दिया."

शफीकने बॅग सोडली.

"अभी?"

"हां."

"आन्टी, मेरे को मालूम था. आपको नल के पास बैठते मैंने देखा. ऊपर छत से देखा. सोचा, मैं तार बाँधा है, बंद नहीं होगा." तो हळू बोलत होता. "मैं नाम नहीं लिया. हम जैसा आदमी मैडम लोग का नाम लेगा तो उल्टा अंदर जाएगा. और सोचा, बोलने का क्या ज़रूरत. आन्टी खुद बोलेगा. दूसरा कोई होता तो नहीं सोचता. आप है, इसलिए सोचा. रोज़ सुबह सोचा, आज बोलेगा."

काकूंनी हात जोडले. त्याने ते बघितलं नाही, किंवा बघायचं टाळलं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, "यल्ला, यल्ला." शफीक आत बसला, दार ओढून घेतलं. एकदा जोरात लागलं नाही म्हणून परत उघडून परत ओढलं. व्हॅन गेटबाहेर गेली, डावीकडे वळली.

त्यानंतरही काटकर मंडळी तिथे काही महिने होती. ओंकारची परीक्षा झाली, ते भारतात परतले, निरोपसमारंभही झाला, भाषणंही झाली. पण माझ्यासाठी काकू त्या गेटपाशीच थांबल्या आहेत. मी त्यांचा हात धरायला पुढे गेले तेव्हा त्यांनी हात सोडवून घेतला. व्हॅन गेली त्या दिशेने त्यांनी पाहिलं नाही. त्या वळल्या आणि वर, आमच्या इमारतीकडे पाहायला लागल्या.

तेव्हा माझं लक्ष गेलं. सगळ्या खिडक्यांत माणसं होती. शफीक जाताना खाली कोणी आलं नव्हतं, पण बघत सगळे होते. काकूंची नजर एकेका खिडकीवर जाऊन थांबायची. देशपांड्यांच्या. जोश्यांच्या. ज्या खिडकीवर थांबायची तिथला पडदा हलायचा आणि बंद व्हायचा. त्या पुढच्या खिडकीकडे बघायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं एकेकाला ओळखत असल्यासारख्या त्या बघत होत्या. सगळ्यात शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीची पाळी आली. तिथे माझे आईबाबा दोघं शेजारी शेजारी उभे होते. बाबा आधी बाजूला झाले. मग आईने पडदा ओढला.